स्वभावाला औषध नाही?

प्रश्न : मॅडम, मी लालबागच्या चाळीत राहतो. नोकरी करून दूरशिक्षणातून बी.कॉम. करतोय. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स साचलीत. रोज ‘उद्यापासून नक्की’ म्हणतो आणि रात्री झोप लागत नाही. आई म्हणते, मुळातच आळशी आहेस, स्वभावाला औषध नसतं. खरं आहे का?

उत्तर : आळशी माणूस काम टाकून निवांत घोरतो. तुला झोप लागत नाही, म्हणजे हा आळस नाही, चालढकल आहे. पुस्तक उघडलं की ‘जमेल का?’ ही धास्ती वर येते. मोबाइल हातात घेतला की ती तेवढ्यापुरती जाते. ती सुटका गोड लागते, म्हणून सवय जडते.

स्वभावाचा वाटा आहेच. पियर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये दोनशेहून अधिक संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. त्यात चालढकलीचं घट्ट नातं दिसलं ते शिस्त-चिकाटी कमी असण्याशी आणि उतावळेपणाशी. चिंतातुर स्वभावाशी ते बरंच सैल होतं. पण स्वभाव म्हणजे नुसता कल. कॉलेजात जाणाऱ्याला घंटा, हजेरी, बाकावरचा मित्र सावरून घेतात. तुला मात्र दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, सगळी शिस्त एकट्याने आणावी लागते. हे अवघड आहे, आणि ते आईला सांगायला लाजू नकोस.

म्हणून शिस्त बाहेर उभी कर. ‘सकाळी अभ्यास करेन’ असं मोघम ठरवू नकोस. ‘पाणी भरून झालं की पोटमाळ्यावर चढायचं आणि एकच लेक्चर ऐकायचं’ असं ठरव. वेळ किंवा प्रसंगाला बांधलेले असे ‘जर-तर’ बेत जास्त पाळले जातात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं आहे. रविवारी जवळची अभ्यासिका गाठ. तिथे चार माणसं मान खाली घालून बसलेली असतात, तेवढंही पुरतं.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, घरूनच ऑनलाइन क्लास करते. प्रत्येक गोष्ट नेटकी हवी, म्हणून सुरुवातच करत नाही. (भांडुप)

उत्तर : नेटकेपणाची हौस असलेली मुलं सरसकट जास्त चालढकल करतात, असं संशोधनात दिसत नाही. ती बहुधा चुकायला घाबरते. कच्च्या वहीत खाडाखोड करत उत्तर लिहू द्या आणि ती वही तुम्ही उघडू नका. ‘झालं का?’ हा प्रश्न आठवडाभर विचारू नका.

प्रश्न : पहिल्या सत्रात सगळं शेवटच्या रात्रीवर ढकललं, दोन विषय राहिले. स्वतःचीच चीड येते.

उत्तर : ही चीड उपयोगाची वाटते, पण उलटच घडतं. कॅनडात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. स्वतःला शिव्या घातल्या की त्या विषयाचं पुस्तक दिसलं तरी नकोसं होतं. चूक झाली, कबूल कर आणि सोड. राहिलेल्या दोनपैकी सोप्या विषयाचं एक प्रकरण आज काढ. मात्र झोप-जेवण उडालं असेल, कशातच मन लागत नसेल, तर हा प्रश्न अभ्यासाचा उरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.