पथकाचा निरोप पथकासमोरच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या ढोल-ताशा पथकाच्या सल्लागारांनी रात्री साडेअकराला तुला वैयक्तिक संदेश पाठवला, उद्या सरावाला कोणकोणत्या मुली येणार नाहीत आणि का येणार नाहीत हे विचारले, आणि शेवटी ‘बाकीच्यांना सांगू नकोस’ असे लिहिले. यात गैर काय ते नेमके सांगता येत नाही, पण तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा येतो, असे तू कळवतेस. गैर त्या शेवटच्या वाक्यात आहे. सरावाच्या हजेरीत लपवण्यासारखे काहीही नसते; ती वहीत लिहिलेली असते आणि मांडवात कोणालाही पाहता येते. जे उघड आहे ते गुपचूप विचारणाऱ्याला हजेरी नको असते, तुझ्याशी एक वेगळा, इतरांना न दिसणारा धागा जोडायचा असतो. म्हणून एकच गोष्ट सांगते आणि पुन्हा पुन्हा तीच सांगणार आहे: पदाच्या नात्याने आलेला निरोप खासगीत स्वीकारायचा नाही.

उत्तर काय द्यायचे, असे तू विचारतेस. एवढेच लिही: ‘आपला निरोप पथकाच्या कामाचा असल्यामुळे तो समितीच्या गटावर ठेवत आहे, उत्तर तेथेच मिळेल.’ आणि खरोखर तेथे ठेव. क्षमा मागू नकोस, कारण देऊ नकोस, हसरा चेहरा जोडू नकोस. मूळ संदेश पुसला जाण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट वेळ आणि तारीख दिसेल असा घेऊन ठेव. सरावाचे ढोल ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला थांबवावे लागतात. पथकाच्या कामाचे फोन आणि संदेशही त्याच वेळी थांबले पाहिजेत. अपघात किंवा आजारपण सोडले, तर रात्री दहानंतर सुचलेली कोणतीही गोष्ट सकाळपर्यंत थांबू शकते.

त्याच गृहस्थांनी एका मंडळाची वादनाची सुपारी परस्पर ठरवून ढोलवाल्या मुलांना थेट फोनवर ‘तयार राहा’ असे सांगितले, हे तू जाता जाता लिहिले आहेस. तुला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मला त्या एकच वाटतात. तुमचे पथक महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले आहे. विश्वस्त कोण हे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत लिहिलेले असते, आणि त्यात बदल झाला की नव्वद दिवसांत त्या बदलाचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. सल्लागारांचे नाव त्या नोंदीत नाही, आणि त्यांना कोणताही अधिकार देणारा ठराव सभेच्या इतिवृत्तात नाही, हे तूच मला सांगितलेस. मग त्यांनी सल्ला द्यावा, तोही समितीला. आदेश देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. सुपारी घ्यायची की नाही, मानधन किती, कोणत्या दिवशी किती वादक लागतील, हे समितीने बसून ठरवायचे आणि पथकप्रमुखाने सर्वांना एकदमच सांगायचे. वयाचा मान ठेवावा, वाकून नमस्कार करावा, पण निरोप खासगीत घेऊ नये.

माझा हा हट्ट कोठून आला ते सांगते. आमच्या पथकात एक मुलगी होती. ताशावर तिचा हात असा चाले की तिने काडी उचलली की मागचे ढोल आपोआप सावरत. गणपतीच्या तोंडावर तिने येणे बंद केले. विचारले तर घरची अडचण, इतकेच म्हणाली. पुढे दिवाळीच्या सुमारास दोघीजणींनी आपापले फोन माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एकाच पदाधिकाऱ्याची तीच वाक्ये, त्याच क्रमाने, दोन्हीकडे होती; ताशावाल्या मुलीलाही तेच येत असे. प्रत्येकीला वाटत होते की हे फक्त आपल्याच बाबतीत घडते आहे, आणि म्हणून प्रत्येकजण गप्प होती. तिने पुन्हा ताशा हातात घेतला नाही, आणि ती खंत मला अजून सोडत नाही. त्यानंतर मी कार्यवाह म्हणून निरोप खासगीत न घेण्याचा हाच नियम मांडला, तो लेखी करून घेतला, आणि त्यावरून ते पदाधिकारी वर्गणीदारांसह पथक सोडून गेले. माझ्यामुळे पथक फुटले असे म्हणणारे आजही आहेत. नियम ज्यांना जाचला ते गेले. ज्यांना जाचला नाही ते राहिले आणि आजही वाजवतात. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, आणि हे मला कोणाला पटवून द्यावे असेही वाटत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ‘ते म्हणतील, माझ्यावर संशय घेतेस का?’ म्हणू देत. हा प्रश्न इतका वरचेवर येतो की मला त्याचा कंटाळा आला आहे. नियम सर्वांना सारखा असेल तर त्यात कोणावरही संशय राहत नाही, आणि ज्यांचे मन स्वच्छ आहे त्यांनाच त्याचे सर्वांत जास्त संरक्षण मिळते, कारण उद्या कोणी खोटा आळ घेतला तर त्यांचे सगळे बोलणे सर्वांसमोर झालेले असते. तुझ्या गटात दहावी-अकरावीच्या मुली आहेत, त्यांच्यासाठी तर तुला भिडेला जागाच नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले, तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पथकाची अब्रू, मिरवणूक तोंडावर आली आहे, ही कारणे तेथे चालत नाहीत. मोठ्या मुलींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, आणि त्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत विनामोबदला, स्वयंसेवी काम करणारेही येतात. अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती पथकात नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून ‘विसर्जन होऊ दे, मग पाहू’ असे कोणी म्हटले तर ऐकू नकोस.

रविवारच्या बैठकीत ठराव तूच मांड. त्यात तीन गोष्टी हव्यात: कामाचा निरोप फक्त गटावर, अठरा वर्षांखालील वादकांना निरोप त्यांच्या पालकांना समाविष्ट करूनच, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोघांची नावे, त्यांपैकी एक बाई. सल्लागारांचे नाव ठरावात घालू नकोस, त्यांचा संदेश मात्र जवळ ठेव. अनुमोदक आधीच पाहून ठेव, आणि इतिवृत्तावर त्याच बैठकीत सह्या घे. नंतर घेऊ म्हटलेल्या सह्या होत नाहीत. मसुदा तुझ्या शब्दांत लिहून शुक्रवारपर्यंत मला पाठव, मी वाचून शनिवारी परत करते.

तुझी,
ताई