नकाशावरचा निळा ठिपका

"पोरगी परदेशात शिकायला गेलीय, पण खोलीबाहेर पडायलाच घाबरते. आम्ही इथनं काय करायचं?" जर्मनीतला हिवाळी सेमेस्टर ऑक्टोबरात सुरू होतो. त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत हा प्रश्न कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतो. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील एकटेच आले होते. फोन टेबलावर उघडा ठेवून बसले. पडद्यावर नकाशा, नकाशावर निळा ठिपका. बोलता बोलता नजर सारखी तिकडे जायची. "आत्ता खोलीतच हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मॅडम, तिला तिकडं एखादी जुनी गाडी घेऊन देऊ काय? ॲक्टिव्हावर अख्खं कोल्हापूर पालथं घालायची ती."

गाडीनं प्रश्न सुटणार नव्हता. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो, मग तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. पण त्या वाक्यात मला धागा सापडला. अकरावीपासून ती मुलगी केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, चढलीच नव्हती. स्वतःची गाडी असली की वाटेल तिथे थांबता येतं, कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारता येतं, चुकलं तर लगेच वळता येतं. रेल्वेत बसलं की वळणं आपल्या हातात राहत नाही.

पुढच्या आठवड्यात ती व्हिडिओवर भेटली. "कावळा नाक्यापासनं गंगावेशीपर्यंत सगळे बोळ मला पाठ होते, मॅडम. इथं मी आंधळ्यासारखी झालेय."

झालं होतं असं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती मैत्रिणीकडून एकटीच परतत होती. तिथल्या काही प्रादेशिक गाड्या वाटेतल्या स्टेशनवर दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. सूचना झाली ती जर्मनमध्ये. ही मागच्या डब्यात होती. उतरली ते एका छोट्या स्टेशनवर. माणूस नाही, तिकीट खिडकी नाही, परतीची गाडी तासाभरानं. तिथे रात्रीचे साडेनऊ, कोल्हापुरात दोन. ती बाबांशी फोनवर बोलत राहिली आणि बॅटरी संपली. निळा ठिपका त्या स्टेशनवरच गोठला.

मुलगी मध्यरात्रीच्या आत सुखरूप खोलीवर पोहोचली. पण त्या दोन-अडीच तासांत देवघरासमोर बसलेल्या आई-बाबांचं काय झालं, हे तिला माहीत होतं. मी विचारलं, "पुन्हा हरवण्याची भीती वाटते, की पुन्हा बाबांना तसं ऐकण्याची?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडली.

पालकांनी हे नीट समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. बाहेर जायचं टाळलं की लगेच हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातून मन शिकतं की खोलीत थांबलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. फोनवर सोबत करणारे बाबाही नकळत तेच शिकवतात: मी आहे म्हणून तू पोहोचलीस.

आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दिवशी ट्रामनं दोनच थांबे जायचं, उतरायचं, परत यायचं. निघताना भीती दहापैकी किती आणि परतल्यावर किती, ते वहीत लिहायचं. मग मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरायचं. मग अनोळखी माणसाला विचारायचं. हे वाक्य आम्ही दोघींनी घोकलं: "एंटशुल्डिगुंग, फेअर्ट दीझर त्सुग नाख...?" म्हणजे, माफ करा, ही गाडी अमक्या गावाला जाते का? पहिल्यांदा तिनं नऊ लिहिले, परतल्यावर चार. इथे ती रिक्षावाल्या मामांना बिनदिक्कत विचारायची, तिथे तेच करायला जीभ रेटत नव्हती.

माहितीही लागतेच. तिच्याकडे डॉइचलांडटिकेट होतं. हे 2023च्या मे महिन्यात 49 युरोंना सुरू झालं, 2025मध्ये 58 झालं, 2026पासून 63. महिनाभर देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो आणि शहर बस त्यावर चालतात. आयसीईसारख्या जलद गाड्या नाहीत. स्टेशनवर फाटकं नसतात, तपासनीस मध्येच येतो आणि विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड. तिकीट फोनमध्ये असेल तर पॉवर बँक हवीच. आणि डब्यावरची गावाची पाटी वाचल्याशिवाय चढायचं नाही.

सगळीच भीती खोटी नसते, हेही सांगते. रात्री रिकाम्या डब्यात बसू नये, शक्यतो चालकाजवळ बसावं, तातडीच्या मदतीचा 112 आणि पोलिसांचा 110 हे तिथले नंबर पाठ असावेत. झोप-जेवण बिघडलं, तासांना जाणं थांबलं, तर तिथल्या श्टुडिएरेंडनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्थेकडे, विद्यार्थ्यांसाठी मानसिक समुपदेशन असतं, त्यांच्याकडे जावं. आईवडिलांचा जीव टांगणीला लागला असेल तर आपल्याकडे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

सर्वांत अवघड काम वडिलांचं होतं. लोकेशन आधी दिवसातून तीनदाच बघायचं, मग एकदा, मग ती बाहेर असताना बघायचंच नाही. पोहोचल्यावर तिचा एक मेसेज, बास. पहिले चार दिवस त्यांनी फोन आईच्या कपाटात ठेवला, किल्ली आईकडे.

जानेवारीत तिचा फोटो आला. तेच छोटं स्टेशन, दुपारची वेळ, बाकावर बर्फ. त्याच गाडीनं, मुद्दाम मागच्या डब्यात बसून ती तिथे गेली होती. परतीच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. समोर एक बेकरी होती, रात्री ती दिसलीच नव्हती. घरी तिनं हे संध्याकाळी कळवलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. "काल साडेदहाला झोपलो, मॅडम. तिचा मेसेज सकाळी उठून वाचला."