शंका तुमच्या: तन्य की तन्न्य?

प्रश्न: ताई, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सोने तन्य आहे' असं वाक्य आहे, तिच्या वहीत मात्र 'तन्न्य' लिहिलंय. बरोबर काय आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर: एकच न, तन्य. संस्कृत तन् म्हणजे ताणणं, त्याला य लागला की तन्य, ताणता येण्यासारखं. दुसरा न उगाच कशाला घुसवायचा! तंतू, तनु, गाण्यातली तान, आपलं रोजचं ताणणं हे सगळं याच घरातलं, आणि गंमत म्हणजे आपण उठसूट घेतो ते टेन्शन लॅटिनमधून आलं असलं तरी लांबून तेही याच कुळातलं.

विज्ञानात तन्य म्हणजे ज्या धातूची न तुटता तार ओढता येते तो. सोन्याचं उदाहरण देतात कारण १ ग्रॅम सोन्यातून सुमारे २ किलोमीटर तार निघते. तन्यसाठीचा इंग्रजी शब्द डक्टाइल मात्र लॅटिनमधल्या 'ओढून नेणे' या क्रियापदावरून आलाय.

वर्धनीयशी याची गल्लत करू नका हं, ते म्हणजे ठोकून पत्रा होणारं, हिंदीवाले तर सरळ आघातवर्धनीय म्हणतात जे मला जास्त आवडतं, कारण नुसत्या वर्धनीयवरून ठोकायचं आहे हे कळणार कसं. दोन्ही गुण बरोबरच असतात असंही नाही, शिसं ठोकलं की छान पसरतं पण तार ओढायला गेलात तर पटकन तुटतं.