हरकत ऐकायची कुणी?

प्रश्न : ताई, माझी मुलगी डेन्व्हरला असते, आता तिथली नागरिक आहे. मागे तिने फोनवर सांगितलं होतं की ट्रम्प यांनी बंडात भाग घेतला म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवर नको, असा निकाल तिच्या कोलोरॅडो राज्याच्या कोर्टाने दिलाय. पुढे नाव राहिलंच आणि ते निवडूनही आले. मग त्या निकालाचं झालं काय? आणि आपल्याकडे बंड करणाऱ्या पुढाऱ्याला उभं राहता येतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : महसूल खात्यात असताना उमेदवारी अर्जांच्या छाननीला मी बऱ्याचदा बसले आहे. त्यामुळे कुणाला उभं राहू द्यायचं हा विषय निघाला की मला आधी ते टेबल दिसतं. एका बाजूला अर्ज, समोर हरकत घेणारे, मध्ये निवडणूक निर्णय अधिकारी. तुमच्या लेकीच्या राज्यातली भानगड याच टेबलाची आहे.

नियम जुना आहे. दक्षिणेतली राज्यं अमेरिकेतून फुटली, चार वर्षं लढली आणि १८६५ मध्ये हरली. लगेच १८६६ मध्ये त्यांतल्या जॉर्जियाने सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून कुणाला दिलं, तर अलेक्झांडर स्टीफन्स यांना. म्हणजे कालपर्यंत बंडखोर सरकारचे जे उपाध्यक्ष होते, त्यांनाच! त्यांना आत घेतलं नाही. पण असे किती जण दारात अडवणार? म्हणून १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत तिसरं कलम आलं. ज्याने खासदार, आमदार, न्यायाधीश किंवा अधिकारी म्हणून घटनेशी निष्ठेची शपथ घेतली आणि नंतर बंड केलं किंवा शत्रूला साथ दिली, त्याला पुन्हा पद नाही. ही बंदी उठवायची तर काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत.

यात लढाईला गेलेला साधा शेतकरी सापडत नाही, शपथ घेतलेलाच सापडतो. मला हे पटतं. आपल्याकडेही लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला छाननीच्या आधी शपथ घ्यावी लागते. बहुतेक जण ती पोपटासारखी म्हणून सही ठोकतात. एकदा एकाची अनामत भरलेली, सूचकांच्या सह्या झालेल्या, बाहेर ताशावाले उभे, आणि शपथ घ्यायचीच राहिलेली. अर्ज बाद. तो माणूस हात जोडून म्हणत होता, ‘आता घेतो की!’ पण मुदत टळली होती.

त्या अमेरिकन कलमात शपथ आहे, बंड आहे, माफी आहे. फक्त हरकत ऐकायची कुणी, हे नाही. आधी शिक्षा झालेली हवी असंही नाही. १८७० मध्ये काँग्रेसने कायदा करून सरकारी वकिलांना अशा माणसांना पदावरून हटवण्याचा रस्ता दिला. पण १८७२ मध्येच बहुतेकांना सरसकट माफी मिळाली. स्टीफन्स १८७३ पासून पुन्हा खासदार आणि पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर! १८७० च्या कायद्यातली ती तरतूदही १९४८ मध्ये रद्द झाली. कलम राहिलं, टेबल गेलं.

मधल्या काळात ते एकदा भलत्याच माणसावर चाललं. मिलवॉकीचे समाजवादी खासदार व्हिक्टर बर्गर यांनी पहिल्या महायुद्धाला विरोध करणारे लेख छापले, त्यावरून शिक्षा झाली आणि १९१९ मध्ये सभागृहाने त्यांना बसू दिलं नाही. मतदारांनी पुन्हा निवडून दिलं, तरी पुन्हा बाहेरच. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, तेव्हा कुठे पुढची निवडणूक जिंकून ते आत बसले. शाई आणि बंदूक यांतला फरक न कळणारे अधिकारी मीही पाहिलेत.

आता ६ जानेवारी २०२१. ट्रम्प हरलेल्या निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब चालू असताना त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्या दिवशी तिथल्या बंदी घातलेल्या आवारात शिरलेला न्यू मेक्सिको राज्यातल्या ओटेरो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एक निवडून आलेला आयुक्त, कूय ग्रिफिन, याला तिथल्या न्यायाधीशाने २०२२ मध्ये याच कलमाखाली पदावरून काढलं. कोलोरॅडोत ट्रम्प यांच्याविरुद्ध सहा मतदार कोर्टात गेले. त्यांत नॉर्मा अँडरसन या नव्वदी ओलांडलेल्या बाई होत्या. त्या ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या माजी आमदार, म्हणजे हरकत विरोधकांची नव्हती. १९ डिसेंबर २०२३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी नाव काढायला सांगितलं. ४ मार्च २०२४ ला, पक्षाचा उमेदवार निवडायच्या तिथल्या प्राथमिक मतदानाच्या आदल्या दिवशी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल नऊच्या नऊ न्यायाधीशांनी उलटवला.

तुमच्या लेकीला एवढं विचारा, की त्या निकालात ट्रम्प यांनी बंड केलं नाही असं कुठे म्हटलंय? नाही म्हटलेलं. म्हटलंय ते असं, की देशपातळीवरच्या पदासाठी ही छाननी एकेका राज्याने करायची नाही. नाहीतर एकाच उमेदवाराचं नाव एका राज्यात असेल, दुसऱ्यात नसेल. राज्याच्या पदांपुरतं राज्य ठरवू शकतं. म्हणून ग्रिफिनची बंदी टिकली. नऊपैकी पाच जण आणखी पुढे गेले : काँग्रेसने कायदा करावा, त्याशिवाय नाही. हे बाकीच्या चौघांना मान्य नव्हतं, आणि मलाही त्या चौघांचं पटतं. ज्यांना अडवायचं त्यांच्याच पक्षाचं बहुमत असेल तर तो कायदा करणार कोण?

आपल्याकडे टेबल आहे, पण त्यावर कागद लागतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्र, सुटल्यावर आणखी सहा वर्षं. नवव्या कलमात देशद्रोहीपणाबद्दल बडतर्फ झालेला सरकारी नोकर पाच वर्षं अपात्र. नुसत्या आरोपाने कुणी अडत नाही. जॉर्ज फर्नांडिस आठवा. १९६७ मध्ये मुंबईत स. का. पाटलांना हरवून खासदारकीची शपथ घेतलेले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप, आणि १९७७ मध्ये तुरुंगातून मुझफ्फरपूरला प्रचंड मतांनी विजयी, मग थेट मंत्री. शिक्षेची अट नसलेलं ते अमेरिकन कलम इथे असतं आणि टेबलावर आणीबाणीचं सरकार बसलं असतं, तर त्यांचा अर्ज कुणी मंजूर केला असता?

तरी दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका छाननीत एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राच्या कात्रणांची पिशवी घेऊन आले होते. समोरच्या उमेदवाराने कचेरी जाळायला माणसं नेली, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी विचारलं, ‘शिक्षेच्या निकालाची नक्कल?’ खटला अजून उभाच राहिला नव्हता. हरकत फेटाळली. जिन्यात त्यांनी मला विचारलं, आता कुठे जाऊ? मी सांगितलं, निकाल लागल्यावर हायकोर्टात निवडणूक याचिका करता येते.

‘म्हणजे आधी त्याला निवडून येऊ द्यायचं?’

मी हो म्हटलं. ते पिशवी काखेत मारून उतरले.