‘फेरफार’, ‘विकार’ की ‘संस्कार’?

म्हापशातील उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की, ज्यांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना पेशीत जे रासायनिक गट जोडले जातात आणि ज्यांमुळे जनुके कार्यरत किंवा निष्क्रिय होतात, त्या ‘मॉडिफिकेशन’ला मराठीत ‘फेरफार’ म्हणावे की ‘विकार’.

मला येथे दोन्ही शब्द अडचणीचे वाटतात. ‘फेरफार’ हा जमिनीच्या दप्तरातला शब्द आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावरील जुने नाव जाऊन नवे चढते तेव्हा मूळ नोंदच बदलते, आणि त्यालाच आपण गोव्यात ‘म्युटेशन’ म्हणतो. जीवशास्त्रातले म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन, हेही डीएनएच्या मूळ क्रमातील बदलाचेच नाव आहे, आणि हिस्टोनांच्या बाबतीत नेमके तेच घडत नाही. ‘विकार’ म्हटले की आजार आठवतो. शिवाय हे गट जोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) उल्लेख त्याच वाक्यात येणार, म्हणजे दोन शब्दांत केवळ एका कान्याचे अंतर.

आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या जवळजवळ पावणेदोन वेढे घेतात. हिस्टोनांच्या शेपट्यांतील लायसिन या अमिनो आम्लावर धन प्रभार आणि डीएनएवर ऋण प्रभार असल्यामुळे ही पकड घट्ट असते. लायसिनला असिटिल गट जोडला की तो धन प्रभार नाहीसा होतो, पकड सैलावते आणि जनुक वाचणाऱ्या प्रथिनांना वाट मिळते. मिथिल गटाने प्रभार बदलत नाही, त्याचा अर्थ जागेवरून ठरतो. एच-३ या हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरच्या लायसिनवरील तीन मिथिल गट सहसा कार्यरत जनुकाच्या आरंभापाशी आढळतात, तर सत्ताविसाव्या स्थानावरच्या लायसिनवरील तेच तीन गट जनुक मिटवून ठेवण्याशी निगडित असतात.

म्हणून मी ‘रासायनिक संस्कार’ सुचवतो. चरकसंहितेत संस्काराची व्याख्या ‘गुणान्तराधान’ अशी आहे, म्हणजे द्रव्यात वेगळा गुण आणणे. मराठीत संस्कार सहसा कायमचा मानला जातो, आणि पेशीत तर असिटिल गट काढून टाकणारी विकरेही असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यामुळे क्रियेला ‘संस्कार’ आणि जोडलेल्या गटाला ‘खूण’ म्हणावे, कारण खूण पुसताही येते. ‘सत्ताविसाव्या स्थानावरच्या लायसिनवरील मिथिलाची खूण पुसली गेली’ हे वाक्य बारावीच्या विद्यार्थ्याला वेगळ्या खुलाशाशिवाय समजेल.