इमारत नको, लेबर रूम बघ

नर्सिंगची सीईटी झाली, आता कॉलेजांची यादी भरायची ना? त्याआधी एकदा एसटीत बसून स्वतः जाऊन ये. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस गं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही कागद मागून बघ. नसतील तर तिथला चहासुद्धा पिऊ नको.

खरी गोम हॉस्पिटलात. आमच्या कॉलेजचं हॉस्पिटल नावालाच होतं. पहाटेची गाडी धरून तालुक्याला जायचो, आणि एका बाळंतिणीभोवती आम्ही अकरा जणी. बाळाचं डोकं बाहेर येताना मला दिसली ती पुढच्या मुलीची वेणी! म्हणून विचार: महिन्याला बाळंतपणं किती होतात, बॅचमध्ये मुली किती? सीनियरची केसबुकं चाळ. सगळे पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचे तक्ते, एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेले दिसले की काय ते समज.

मुंबईत केसेस भरपूर, पण राहण्याचा खर्च बाबांना झेपेल का, ते घरी बोल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातच राहणार असशील, तर हॉस्टेल आवारातच हवं. जुलैतल्या पावसात रात्रपाळीला चालत जाणं मी केलंय, नको ते.

डिग्रीला नंबर नाहीच लागला तर रडत बसू नकोस. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, 3 वर्षांचं, त्यावर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बी.एस्सी. होतेच.

आणि जाशील ती दुपारी, ड्यूटी बदलायच्या वेळेला जा. गेटबाहेर मुली मोकळेपणी बोलतात.