घरात बार करायचाय? आधी एवढंच बघ

भावा, फोटो बघून एकदम मोठं काउंटर ठोकून घेऊ नकोस. कोल्हापुरात मैफल कितीही रंगली तरी पाहुणे शेवटी तांबड्या-पांढऱ्याच्या ताटाकडंच वळतात. हॉलचा एक कोपरा बास झाला. तो स्वयंपाकघराजवळ मात्र असू दे, कारण बर्फ, लिंबू, पाणी आणायला सारखं तुलाच उठायचंय.

खरा घोळ मापात होतो. काउंटर ४२ इंच उंच असेल तर स्टूलची बैठक ३० इंचांवर धर, म्हणजे मांडीला जागा राहते. वरचा ग्रॅनाइट पाहुण्यांच्या बाजूला १० इंच तरी पुढं काढायला सांग, नाहीतर गुडघे फळीवर आपटतात आणि माणसं तिरकी बसतात. स्टूल आधी पसंत कर, सुताराला नंतर बोलव. बहुतेकजण नेमकं उलटं करतात.

बाकी थोडक्यात:

- वर पॉलिशचं लाकूड नको, ओल्या ग्लासाचे गोल डाग उठतात.
- आतला प्लाय वॉटरप्रूफच घे. आपला पावसाळा तुला माहीतच आहे.
- लाइट पिवळसर, मंद. निळ्या पट्ट्या लावल्यास तर हॉलचा परमिट रूम होईल!
- बाटल्या उन्हात नकोत. व्हिस्की उभी, बुचाची वाइन आडवी.

आणि हो, महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेव. छोटा फ्रिज, सिंक, कॉकटेलचं सामान सध्या राहू दे. फक्त भिंतीत एक जादा प्लग पॉइंट आत्ताच काढून घे.